ओळख पाहू मी कोण?

लग्नाच्या हॉलमध्ये काय काय बंद करायला हवं याची माझ्याकडे एक भलीमोठी यादी आहे. मंगलाष्टकांच्या वेळचा कर्कश माईक, पंगतीत खुर्चीमागे येऊन उभे राहणारे पुढच्या पंगतीचे उमेदवार, वगैरे वगैरे. त्यावर पुन्हा कधीतरी. पण यादीत पहिल्या नंबरावर आहे तो एक प्रश्न. मागून येऊन खांदे धरायचे, तोंडासमोर तोंड आणायचं आणि म्हणायचं, "काय, ओळखलंस का? ओळख पाहू मी कोण!" आणि मग आजूबाजूच्या चार जणांकडे विजयी मुद्रेने बघत उभं राहायचं.

माझं मत अगदी साधं आहे. हा प्रश्न विचारू नये. तरुणांना विचारू नये, कारण तो आगाऊपणा आहे. आणि म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच विचारू नये, कारण तो छळ आहे. आमची नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात (आणि मग फोनवर "बरं लिहितेस हो" म्हणतात), तेव्हा हे थेट आपल्यालाच उद्देशून आहे असं कुणाला वाटलं, तर ते बरोबर आहे. :-)

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? गंमत असते. माणूस आपला असेल तर चेहरा विसरेलच कसा?

इथेच तर सगळी गडबड आहे. चेहरा ओळखणं आपल्याला इतकं आपोआप जमतं, की त्यामागे डोक्याला किती खटाटोप करावा लागतो हे कळतच नाही. २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणसं एकूण किती चेहरे ओळखतात याचा हिशोब मांडला. सरासरी निघाली सुमारे पाच हजार. कुणी हजारावर थांबतं, कुणी दहा हजारांपर्यंत जातं. यात नातेवाईक, शेजारी, शाळेतले, ऑफिसातले, शिवाय सिनेमातले आणि टीव्हीवरचे सगळे आले. पाच हजार! आणि दोन डोळे, एक नाक, एक तोंड एवढ्याच भांडवलावर.

मेंदूत कानाच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला एक भाग आहे. चेहरा दिसला की तो इतर कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त कामाला लागतो. नॅन्सी कॅन्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तो नीट दाखवून दिला. पण चेहरा ओळखीचा वाटणं म्हणजे माणूस ओळखणं नव्हे. व्हिकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग या दोघांनी १९८६ मध्ये जी मांडणी केली ती मला फार पटते. ती जिन्यासारखी आहे. पहिली पायरी, हा चेहरा ओळखीचा आहे. दुसरी, हा माणूस म्हणजे कोण, कुठला, काय करतो. आणि नाव अगदी शेवटच्या पायरीवर. त्याच्या आदल्या वर्षी यंग आणि मंडळींनी बावीस जणांना रोजनिशी लिहायला लावली होती. माणसं ओळखताना जी जी फजिती होईल ती लिहून ठेवायची. चेहरा ओळखीचा पण कोण ते कळेना, असे प्रसंग भरपूर. कोण ते पक्कं माहीत पण नाव आठवेना, असेही भरपूर. पण चेहरा बघून नाव आठवलं आणि माणूस कोण ते मात्र आठवेना, असं काही कुणाच्या वहीत निघालं नाही. मधली पायरी गाळून वर जाताच येत नाही.

शिवाय नाव ही गोष्टच निसरडी. १९८७ च्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, त्यांची आडनावं आणि धंदे सांगितले. खुबी अशी, की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. म्हणजे आपल्याकडे कसं, एका चेहऱ्याबरोबर सांगायचं "हे सुतारकाम करतात" आणि दुसऱ्याबरोबर "ह्यांचं आडनाव सुतार". शब्द तोच, तरी धंदा म्हणून सांगितलेला जास्त लक्षात राहिला. सुतारकाम म्हटलं की रंधा आठवतो, भुसा आठवतो. आडनाव सुतार म्हटलं की काय आठवणार? ते गृहस्थ बँकेत असतात!

आणि यात भर म्हणजे जागा. बँकेतला कॅशियर काउंटरमागे असला की आपण त्याला शंभर फुटांवरून ओळखतो. तोच माणूस महाबळेश्वरला बर्म्युडा घालून कणीस खाताना दिसला, की नुसती तळमळ होते. कुठेतरी पाहिलाय, कुठेतरी पाहिलाय! जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये याला बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं उदाहरण दिलं, आणि मानसशास्त्रात ते त्याच नावाने रूढ झालं. लग्नाचा हॉल म्हणजे अशा खाटकांचं संमेलन. सगळे आपापल्या जागेवरून उचलून आणलेले, वर फेटे बांधलेले. आणि अशा वेळी आपण विचारणार, ओळख पाहू मी कोण.

पण मला खरं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अनोळखी चेहरा बघणं आणि ओळखीचा चेहरा बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्हीला 'बघणं' म्हणतो एवढंच. २०११ साली रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक झकास प्रयोग केला. डच टीव्हीवरच्या दोन प्रसिद्ध बायकांचे प्रत्येकी वीस फोटो घेतले. चाळीस फोटोंचा गठ्ठा ब्रिटनमधल्या लोकांपुढे टाकला आणि सांगितलं, एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करा. त्यांनी साधारण सात-आठ ढीग केले. म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या! हेच फोटो डच लोकांपुढे ठेवल्यावर त्यांनी सटासट दोन ढीग करून टाकले. त्यांना कळेचना यात अवघड काय आहे.

म्हणजे आपण कुणाला 'ओळखतो' म्हणजे आपल्याकडे त्याचा एक फोटो असतो असं नाही. त्याच्या चेहऱ्याचे किती प्रकार होऊ शकतात ते आपल्याला ठाऊक असतं. झोपेतून उठलेला, रागावलेला, आजारातून उठलेला, दाढी वाढलेला, बल्बच्या पिवळ्या उजेडातला. ह्या सगळ्यातून मनाने त्या माणसाची हद्द आखलेली असते. एवढ्यापर्यंत हा माणूस, त्यापलीकडे दुसरा कुणी. आणि ही हद्द ज्याची त्याची वेगळी असते, ती बघून बघूनच आखावी लागते. म्हणून वडील गेल्यावर दहाव्याला भाऊ मुंडण करून आला तर घरातल्यांना क्षणभरही प्रश्न पडत नाही, आणि सोसायटीचा नवा वॉचमन मात्र त्याला गेटवर अडवतो. अनोळखी चेहरा आपण केस, कपाळ, चेहऱ्याची ठेवण अशा बाहेरच्या खुणांवर लक्षात ठेवतो. ओळख वाढली की भिस्त डोळे, नाक, ओठ यांच्यावर येते. केस गेले तरी माणूस जात नाही.

(अवांतर: आधार कार्डावरच्या आपल्या फोटोला आपण हसतो ना? हसू नये. १९९७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात सुपरमार्केटच्या कॅशियरना फोटो असलेली क्रेडिट कार्डं तपासायला दिली होती. दुसऱ्याचा फोटो असलेली निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी बिनदिक्कत चालवून घेतली. अनोळखी माणसाचा चेहरा आणि फोटो जुळवणं आपल्याला जमतच नाही. जमतं असं वाटतं फक्त.)

बरं, ही आखलेली हद्दसुद्धा कायमची नसते. रोज थोडी थोडी सरकत असते. मायकेल वेबस्टर आणि ओटो मॅक्लिन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की ताणून विद्रूप केलेला चेहरा थोडा वेळ बघत राहिलं की लगेच नंतरचा चांगला सरळ चेहराही उलट्या बाजूने दबल्यासारखा वाटतो. चेहरा 'असा असतो' याचं मनातलं माप काही मिनिटांत हलतं. मग रोजच्या सहवासात काय होत असेल! वडिलांनी आयुष्यभराची मिशी काढली तेव्हा दोन दिवस आम्ही त्यांच्याशी बोलताना तिसरीकडेच बघत होतो. पाचव्या दिवशी भिंतीवरचा मिशीवाला फोटोच परका वाटायला लागला. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहायला आलं. वर्षभर जिन्यात मास्कमधल्याच गाठीभेटी. त्या बाईंचा खालचा अर्धा चेहरा माझ्या मनाने परस्पर पूर्ण करून टाकला होता, छान नाजूक जिवणी वगैरे. मास्क उतरला तेव्हा भलत्याच कुणी निघाल्या. आता मात्र मनातल्या त्या नाजूक जिवणीच्या बाई मला आठवतसुद्धा नाहीत.

रोज दिसणाऱ्या माणसाचं वय दिसत नाही ते यामुळेच. मन रोज गुपचूप नवी नोंद करतं आणि जुनी पुसतं. वीस वर्षांनी अमेरिकेतून आलेला भाऊ "आई किती थकली गं!" म्हणतो, आणि आपल्याला राग येतो. आपण रोज बघत होतो ना!

आणि ज्याला बघायचीच इच्छा आहे त्याचं काय? आपल्याकडचं याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत आहेत ही आशा काही पडली नाही. मग त्यांच्यासारखा दिसणारा एक माणूस उगवला. तो कैदेत गेला, पण प्रश्न मिटला नाही. १७७६ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणात बघता बघता त्याच्यामागे माणसं आणि किल्ले गोळा झाले. शेवटी आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्याच वर्षी त्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरच आहे. भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती, तरी ह्या गोष्टीचा निकाल लागायला इतकी वर्षं जावी लागली. मला वाटतं, जे त्याच्यामागे गेले त्यातल्या बहुतेकांनी भाऊंना कधी जवळून पाहिलंच नसणार. त्यांच्याकडे हद्द आखलेली नव्हती, होती ती फक्त आशा. पार्वतीबाईंनी म्हणे शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्यांच्या मनात जो चेहरा होता तो पानिपतावर निघालेल्या तिशीच्या तरुणाचा. पंधरा वर्षांनंतरचा चेहरा त्या तरी कशाशी ताडून बघणार होत्या?

असो. इतिहास पुरे, पुन्हा हॉलमध्ये येऊ.

काही लोकांना चेहरे मुळातच ओळखू येत नाहीत. नजर उत्तम, बुद्धी उत्तम, पण चेहरा म्हणून काही मनात टिकत नाही. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ मध्ये याला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिलं. मेंदूला इजा होऊन असं होतंच, पण काहींना ते जन्मापासून असतं, शंभरातल्या एक-दोघांना तरी असावं असा अंदाज आहे. म्हणजे पाचशे माणसांच्या लग्नात पाच-दहा! मेंदूच्या चमत्कारिक आजारांवर इतकं सुरेख लिहिणारे ऑलिव्हर सॅक्स स्वतः त्यातलेच. आरशातल्या स्वतःलाच दुसरा कुणी समजून त्यांनी माफी मागितल्याचं त्यांनी २०१० मध्ये लिहिलंय. अशी माणसं चालण्यावरून, आवाजावरून, चष्म्यावरून, साडी नेसण्याच्या पद्धतीवरून काम भागवतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस तर भन्नाट आहे. पक्षाघातानंतर माणसांचे चेहरे ओळखता न येणाऱ्या एका गृहस्थांनी मेंढ्या पाळल्या, आणि कळपातली एकेक मेंढी ते चेहऱ्यावरून ओळखायला लागले! माणसं मात्र शेवटपर्यंत नाहीतच. (आमच्याकडच्या धनगरांना यात काही विशेष वाटणार नाही.) अशा माणसाला भर हॉलमध्ये "ओळखलं नाहीस ना? मोठा माणूस झालास बाबा!" असं ऐकवलं जातं. शिष्ट म्हणून नाव पडतं ते वेगळंच.

उलट टोकाचीही माणसं असतात. आमची आत्या चाळीस वर्षांपूर्वी एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या मुलीला तिच्या हनुवटीवरून ओळखेल. २००९ साली अशांवर पहिला अभ्यास झाला तेव्हा मी आत्याला तो वाचून दाखवला. "यात अभ्यास कसला करायचा?" म्हणाली. "ओळख पाहू" हा प्रश्न विचारणारे सगळे मला वाटतं आत्याच्या जातीचे असतात. आपल्याला जमतं ते सगळ्यांना जमायलाच हवं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

माझी आई आता ८३ वर्षांची आहे. पाच वर्षांपासून तिचं विसरणं वाढत गेलंय. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, ते इथे महत्त्वाचं नाही. गेल्या वर्षी घरच्याच एका लग्नाला तिला नेलं. नवी साडी, गजरा, खुशीत होती. पहिल्या रांगेत बसवलं. आणि मग एकेक जण येऊन तिच्यापुढे वाकू लागला. नमस्कार झाला की तोच प्रश्न. "ओळखलंत का मावशी? नाही? अहो नीट बघा की!" मी मोजलं, तासाभरात अकरा जणांनी विचारलं. आई हुशार आहे. "ओळखलं की! न ओळखायला काय झालं?" म्हणायची आणि लगेच "कधी आलात? घरी सगळी बरी ना?" असं सगळ्यांना चालणारं काहीतरी विचारायची. वर्षानुवर्षांचं यजमानपण तिच्या हाडात मुरलंय, ते अजून गेलेलं नाही. पण काही जण तेवढ्यावर सोडत नव्हते. "मग सांगा बरं नाव!"

त्या रात्री तिला झोप लागेना. लग्नाला गेलो होतो हे ती विसरली होती. गजरा कुठून आला हेही तिला आठवत नव्हतं. पण हात चोळत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला काही येईना गं. सगळे विचारत होते आणि मला काहीच येईना." कोण सगळे, काय विचारत होते, ते सांगता येत नव्हतं. परीक्षेला बसून नापास झाल्याची भावना तेवढी उरली होती.

हे माझ्या एकटीच्या घरचं नाही. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमर झालेल्यांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून पाहिल्या होत्या. काय पाहिलं ते बहुतेकांना थोड्याच वेळात आठवेना, पण मनावरचं सावट तसंच टिकून होतं. गोष्ट पुसली जाते, तिचा ओरखडा राहतो. तेव्हा "तिला काय, पाच मिनिटांत विसरेल" हे जे कुणी समजुतीने म्हणतात ना, ते तितकंसं खरं नाही. तुम्ही कोण ते ती विसरेल. तुम्ही तिला कसं वाटायला लावलंत ते तिच्याजवळ राहील.

आणखी एक. आई मला बरेचदा 'अक्का' म्हणते. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जाऊन बावीस वर्षं झाली. आधी मला लागायचं. आता वाटतं, तिच्या बाजूने हे अगदी तर्काला धरून आहे. वर म्हटलं ना, मन रोज नवी नोंद करतं. तिच्या मनाने ती करणं थांबवलंय. तिच्याकडची लेकीची शेवटची पक्की नोंद तिशीतली, काळ्याभोर वेणीची असणार. तिच्यापुढे उभी राहते ती पंचावन्नची, पांढऱ्या केसांची बाई, नाकीडोळी घरच्यासारखी. अशी बाई तिच्या ओळखीत एकच होती. पाहिलेल्या चेहऱ्यातून सर्वात जवळचा चेहरा तिने काढला, आणि तो घरातलाच काढला. आरशातल्या म्हातारीला मात्र ती अजून "कोण बसल्या आहेत त्या?" विचारते, तेव्हा आम्ही आरशावर टॉवेल टाकतो.

मग करावं काय? आपल्या जुन्या लोकांना हे बरोबर ठाऊक होतं. मुंजीत बटूला वडीलधाऱ्यांना नमस्कार कसा करायचा ते शिकवतात, त्यात वाकणाऱ्यानेच आपलं गोत्र आणि नाव सांगायचं असतं. नमस्कार घेणाऱ्याने ओळखायचं नसतं. (त्या विधीतल्या बाकीच्या गोष्टींवर माझं काय मत आहे ते जाणकारांना माहीत आहेच.) आणि गावाकडे ओट्यावरची म्हातारी खुशाल विचारते, "कुणाची गं तू?" ह्या प्रश्नात कुणाचाच अपमान नाही. ज्याला माहीत नाही तो विचारतो, ज्याला माहीत आहे तो सांगतो. "ओळख पाहू" मध्ये ज्याला माहीत आहे तोच विचारत असतो!

तेव्हा घरी याल तेव्हा तिच्या समोरून या, मागून नको. आधी नाव सांगा, मग कुणाचे कोण ते, मग गाव. "मावशी, मी अमका, तुमच्या सांगलीच्या नणंदेचा धाकटा." एवढं पुरतं. आवाज तिला चेहऱ्यापेक्षा बरा कळतो. तिने भलत्याच नावाने हाक मारली तर दुरुस्त करत बसू नका. चहा घ्या.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी चप्पल काढता काढता दारातूनच ओरडतात, "आजी, मी आले हो, पोळ्यावाली, मागच्या गल्लीतली!" आणि आई रोज तितक्याच ठसक्यात उत्तर देते, "ये गं बाई. एवढं काय सांगतेस, मी काय ओळखत नाही का तुला?"